बेटावरची केळी आणि माझी धाकटी जाऊ

धाकटीचा पासपोर्ट पोस्टानं आला त्या दिवशी मी कॉलेजातून घरी आले, तर आमचे सासरे ओट्यावर बसून त्याचं एकेक पान उलटून पाहत होते. पानं कोरीच होती, तरी आबांनी सगळी पाहिली. मग आत जाऊन त्यांनी तो देवापुढे ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाले, "पाह्य बरं, फोटो कसा आला तिचा."

फोटो चांगला आला होता. पासपोर्टवर कुणाचाच फोटो चांगला येत नाही असं मी ऐकून होते.

मी भुसावळच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. माहेर धुळ्याचं, सासर रावेर तालुक्यातल्या केळीवाल्या गावात. दोन भाऊ, दोन सुना, एक चूल. परकीय व्यापाराचा पेपर नोकरीला लागल्यापासून माझ्याकडे आहे. त्यात वसाहतींच्या व्यापारावर एक प्रकरण येतं. वसाहतीचा माल मातृदेशात कमी जकातीनं किंवा बिनजकात घ्यायचा, मातृदेशाचा माल वसाहतीत तसाच सोडायचा, आणि तिसरा कुणी आला की त्याच्याकडून पुरती जकात वसूल करायची. 'सवलतीची जकात' असा मथळा देऊन मी हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. दोन वर्तुळं काढते, मध्ये येणारे-जाणारे बाण काढते, आणि तिसरं वर्तुळ जरा बाजूला. पण मी स्वतः कधी समुद्र ओलांडला नव्हता. आणि जिनं परकीय व्यापाराचं एक पानही वाचलं नव्हतं, ती माझी धाकटी जाऊ युरोपात फळांच्या प्रदर्शनाला निघाली होती.

नशिबानं निघाली असती तर मला एवढं लागलं नसतं. पण सगळं तिचं तिनं केलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा आमची केळी शेतातून थेट ट्रकात पडायची. तिनं आबांच्या मागे लागून पॅकहाऊस बांधून घेतलं. घड जमिनीला टेकू द्यायचा नाही, फण्या धुवायच्या, वारा देऊन सुकवायच्या, पेटीत तान्ह्या पोरासारख्या निजवायच्या, हे गावातल्या बायकांना तिनं स्वतः उभं राहून शिकवलं. पहिला कंटेनर आखातात गेला तेव्हा घरात पेढे आले. त्याच आठवड्यात माझा एक लेख छापून आला होता आणि सगळ्यांना दिसावा म्हणून मी तो अंक बैठकीत टेबलावर ठेवला होता. पेढ्यांचा खोका त्याच्यावर ठेवला गेला. तुपाचा डाग अजून आहे त्या अंकावर.

निघायच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात दशम्या बांधत होती. मला म्हणाली, "अक्का, तिकडं आपल्या केळ्यावर जकात कशी बसते, जरा सांगा ना. तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि पार मागून सुरुवात केली. इंग्रजांच्या काळात आपला खान्देशचा कापूस इथून रेल्वेनं जायचा तो कच्चाच. त्यांच्या गिरण्यांचं कापड इकडं यायचं, आणि पुढे जपानी कापड स्वस्त पडायला लागलं तेव्हा जपान्यांवर जबर जकात आणि इंग्रजांच्या कापडावर कमी, असा नियम झाला. मग साखर, मग चहा, मग आजचे नियम. युरोपातल्या काही देशांची जुनी बेटं आहेत, त्यांच्या केळ्याला जकात नाही, आपल्याला आहे. बोलता बोलता चहाचा कप गार झाला. ती मान डोलवत होती, आणि दशम्यांवर फडकं घट्ट बांधत होती.

"बरं," ती म्हणाली. "आणि तूप विमानात चालतं का हो?"

चार दिवसांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. धाकटी एका भल्यामोठ्या बाजारात उभी होती. अंगात लांब काळा कोट, तोंडातून वाफ निघत होती. तो कोट तिला फार शोभत होता. कुठून घेतला, हे मी विचारलं नाही.

"अक्का आहेत का? अक्का, हे बघा." तिनं फोन फिरवला. पेट्यांमागे पेट्या, सगळ्या केळ्यांच्या. "हे फळ आपल्यापेक्षा बारीक आहे. डागही आहेत. पण आधी हेच उचलतात."

प्रत्येक फणीवर एक छोटा गोल कागद चिकटवलेला होता, त्यावर एका बेटाचं नाव.

"हे बेट इथून विमानानंसुद्धा कितीतरी तास लांब आहे म्हणे," ती म्हणाली. "तरी जकात नाही."

"नसणारच. कागदावर ते बेट फ्रान्सचाच एक जिल्हा आहे," मी म्हटलं. "जसा आपला जळगाव महाराष्ट्रात."

"एका घेणाऱ्यानं आपली केळी खाल्ली. चांगली आहेत म्हणाला. मग जकात धरली, जहाजाचं भाडं धरलं आणि डोकं हलवलं. माणूस वाईट नव्हता, अक्का. त्यानं मला कॉफी पाजली."

तिचा आवाज बसला होता. थंडीनं असेल. आबांनी ताटावरून हात मागे घेतला. मी मात्र त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली. आपण आयुष्यभर जे शिकवलं ते धाकट्या जावेच्या पेटीला आडवं यावं, यात एक प्रकारचं समाधान असतं, ते मला मिळालं होतं.

ते टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून नकाशात ते बेट शोधलं. निळ्या पाण्यात एक ठिपका. आमच्या एखाद-दोन तालुक्यांएवढं असेल सगळं मिळून. डोंगरउतार, वादळांचा रस्ता, आमच्यासारखी काळी जमीन नाही, तापी नाही. मग मी तिथल्या केळीची माहिती काढत बसले. जकात तर नाहीच, वर बागेला मदत, वादळात बाग पडली तर मदत. पुढचा तास माझा होता. मी वर्गात गेले, फळ्यावर ती दोन वर्तुळं काढली, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहून मला राग आला. वसाहत म्हणजे लुटलेली, पिळलेली, असं मी आजवर शिकवत आले होते. आता त्या वर्तुळाच्या आत असलेल्या कुणा बाईच्या केळ्याला माझ्या घरच्या केळ्यापेक्षा जास्त मान होता. धाकटीवर जळता जळता मी एका बेटावर जळायला लागले होते, आणि दोन्ही एकदम चालू होतं.

धाकटी परत आली. सगळ्यांना काही ना काही आणलं होतं. मला पेन आणलं होतं, चांगलं जड. बायकांना पेन कोण आणतं, असं मनात आलं, आणि मग तिनं विचार करून आणलं असणार हेही आलं, त्यामुळे धड रागावताही येईना.

ती आणि मी दोघी ओसरीत बसलो होतो तेव्हा आबा आले.

"मले एक सांगा," ते म्हणाले. "आपण भी होतोच ना एका काळी इंग्रजाचे?"

"होतो," मी म्हटलं.

"मंग आपल्याले काहून नाही तसं?"

"आपल्याला होतं आबा, पण त्यांच्या सोयीचं. कापूस त्यांना हवा होता तो कच्चा. आपण सूत काढून, कापड विणून पाठवू म्हटलं असतं तर चाललं नसतं. आणि आपल्याला घ्यावं लागायचं ते त्यांचंच."

"मंग सुटलो ते बरं झालं का नाही?"

"बरं झालं."

"बरंच झालं," धाकटीही म्हणाली.

"मंग तुम्हा दोघींचे तोंडं काहून उतरले?" आबा म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता बैलांकडे गेले.

दिवाळीनंतर धाकटीनं सांगितलं की पाहुणी येणार आहे. त्या बेटावरची. प्रदर्शनात दोघींची ओळख झाली होती, समोरासमोर टेबलं होती म्हणे. ती स्वतः केळी पिकवायची, तिथल्या शेतकऱ्यांच्या संस्थेत काम करायची, आणि जळगावला टिश्यू कल्चरची रोपं आणि ठिबक पाहायला येणार होती. दोन दिवस आमच्याकडे राहणार होती.

मी रजा टाकली. पाहुणीची भाषा फ्रेंच, इंग्रजी जेमतेम. धाकटीचं इंग्रजी पेटी, कंटेनर, तापमान एवढ्यापुरतं. वसाहतीच्या व्यापारावर तिच्याशी बोलू शकेल असं घरात मी सोडून कोण होतं? मी प्रश्न काढून ठेवले. दोन फ्रेंच वाक्यंही पाठ केली.

पाहुणी उतरली ती धाकटीच्या गळ्यात पडली. पन्नाशीची, उंच, सावळ्याहून गडद, केसांच्या बारीक वेण्या मागे एकत्र बांधलेल्या. मी माझं फ्रेंच वाक्य म्हटलं. ती हसली आणि भराभरा काहीतरी बोलली, त्यातलं मला अक्षर कळलं नाही. धाकटीला तर तेवढंही येत नव्हतं. तिनं पाहुणीचा हात धरला आणि सरळ बागेत घेऊन गेली.

मी ओट्यावरून पाहत होते. केळीच्या रांगांमधून त्या दोघी जात होत्या, थांबत होत्या. पाहुणीनं एका खोडाला हात लावला, वाकून बुडाची माती उचलली, चोळली, हुंगली. धाकटीनं काहीतरी खुणेनं सांगितलं. दोघी खळखळून हसल्या. भाषा नसताना त्यांना हसायला काय सापडलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बाग त्यांची दोघींची होती आणि मी ओट्यावर होते.

जेवायला भरताचा बेत होता. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर हिरव्या कांद्याची पात. पाहुणी चवीनं जेवली आणि मग प्रत्येक पदार्थाबद्दल विचारायला लागली, हे कुठून येतं? आता भाषांतर मीच करत होते.

"वांगी?"

"शेजारच्या शेतातली."

"कांदा?"

"धुळ्याकडचा. माझ्या माहेरचा."

"दूध?"

मी मागच्या गोठ्याकडे बोट दाखवलं. ती मान वळवून म्हशीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, तिच्या घरी पीठ, बटाटा, कांदा, दुधाची पावडर बहुतेक समुद्रापलीकडून येते. फ्रान्समधून. तिच्या अंगणातून, हवा स्वच्छ असली की, शेजारचं बेट दिसतं. तिथं भाजी पिकते. पण ते बेट दुसऱ्यांचं होतं, इंग्रजांचं. तिकडची भाजी तिच्या बाजारात क्वचित येते. समोर दिसतं त्यापेक्षा समुद्रापलीकडचं सोपं पडतं.

"आणि तुमची केळी त्या बेटावर विकता का?" धाकटीनं विचारलं.

"कोण घेणार? त्यांचीही केळीच आहेत."

तिनं मग त्या शेजारच्या बेटाचं सांगितलं. इंग्रज गेले तरी तिथली केळी इंग्लंडात सवलतीनं जायची. सगळ्या टेकड्यांवर केळीच लावली होती, कारण ती हमखास खपायची. पुढे मोठमोठे मळे असलेल्या देशांनी तक्रार केली, खटले चालले, आणि ती सवलत हळूहळू पातळ होत गेली. आता तिथल्या कितीतरी टेकड्यांवर नुसती झुडपं आहेत. "मी सकाळी उठून ती टेकडी बघते," ती म्हणाली, "आणि मग माझी बाग बघते."

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. माझ्या पुस्तकात हे एका परिच्छेदात होतं. आबांनी विचारलं, "काय म्हने ती?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिच्या ताटात स्वतः भरीत वाढलं.

तिनं भेटी आणल्या होत्या. धाकटीला रंगीत चौकड्यांचा मोठा रुमाल, डोक्याला बांधायचा. मला एक पुडा, तपकिरी साखरेचा. धाकटीनं तो रुमाल लगेच बांधला आणि तो तिला शोभला. मी पुडा उघडला. गुळासारखा वास.

"तुमच्याकडे पांढरी करत नाहीत?" मी विचारलं.

पाहुणी म्हणाली, जुन्या काळी साखर पांढरी करायचा मान मातृदेशातल्या कारखान्यांचा. बेटावर मनाई. नंतर मनाई गेली, पण पांढऱ्या साखरेवर जकात इतकी की कुणी त्या वाटेला जायचं नाही. कच्ची पाठवायची, पांढरी विकत घ्यायची. "माझी आजी ऊस तोडायची आणि बंदरावरच्या दुकानातून पांढरी साखर आणायची."

कापूस आणि कापड, तेच. हा मुद्दा मला वर्गात सांगायला फार उपयोगी होता, आणि मी तो मनात पक्का केला. पण रुमाल धाकटीला मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी तिला सावद्याला केळीचा लिलाव आणि ट्रक भरणं दाखवायला घेऊन गेली. या वेळी मीही गाडीत बसले. रस्त्याच्या कडेनं ट्रक लागले होते, हमाल पाठीवर घड घेऊन पळत होते, खाली केळीची पानं अंथरलेली. पाहुणी प्रत्येक ट्रकपाशी थांबून विचारायची, हा कुठे चालला?

"दिल्ली."

"हा?"

"लुधियाना. तो कानपूरचा. तो पार श्रीनगरला जातो."

"तो वेगळा देश?"

"नाही, सगळा हाच देश."

"वाटेत जकात?"

"नाही."

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, तरी हलली नाही. मग तिच्या मोडक्या इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाली, तुमची केळी कितीतरी दारांतून जातात, माझी एकाच. ते दार मोठं आहे, उघडं आहे, मी त्या दाराला नावं ठेवत नाही. पण ते बंद झालं तर मी पेटी घेऊन कुठे जाऊ? "मला तुमचा हेवा वाटतो," ती म्हणाली.

आयुष्यात कुणी माझा हेवा केल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते, तेही त्या बेटावरच्या बाईकडून, जिच्यावर मी महिनोन्‌महिने जळले होते. मग माझ्या लक्षात आलं की ती हे धाकटीचा हात हातात घेऊन, धाकटीकडे बघून म्हणत होती. भाषांतर करायलासुद्धा मी लागले नव्हते.

त्याच दुपारी मी तिला कॉलेजात नेलं. ते माझं राज्य होतं. वर्ग भरला होता, इतर शिक्षकही मागे येऊन बसले. पाहुणी बोलली, मी मराठीत सांगत गेले. खरं सांगायचं तर मी जरा जास्तच सांगत गेले. तिच्या एका वाक्याची माझी पाच व्हायची. मुलं लिहून घेत होती. मग धरणगावकडची एक मुलगी उठली.

"मॅडम, त्यांना विचारा ना, त्यांना स्वातंत्र्य नको का?"

मी तो प्रश्न दोनदा घासूनपुसून विचारला. पाहुणी म्हणाली, "माझी आई म्हणते, पेन्शन तिकडून येतं, दवाखाना तिकडचा आहे, रस्ता तिकडचा आहे, गप्प राहा. माझा मुलगा म्हणतो, आपण काय पिकवायचं आणि काय खायचं हेसुद्धा तेच ठरवतात, गप्प का राहायचं. दोघं माझ्याच टेबलावर जेवतात. मी दोघांना वाढते."

"आणि तुम्ही?" मुलीनं विचारलं.

पाहुणीनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथं धाकटी बसली होती, तो रुमाल बांधून. तिच्याकडे बघतच ती म्हणाली, "मी तिसरं काहीतरी लावून बघते आहे. अननस. कोको. थोडी जागा काढून. केळी तोडायचा धीर होत नाही."

धाकटीनं मान हलवली, जणू हे दोघींचं आधीच बोलून झालं होतं. झालंही असेल, बागेत. मी भाषांतर केलं, पण वर्ग माझ्या हातून जात असल्यासारखं वाटत होतं.

पाहुणीला मुंबईला सोडायला धाकटीच जाणार होती. माझी रजा संपत आली होती, म्हणून मी धुळ्यापर्यंत बसले आणि आईकडे उतरले. आईनं दोघींना खाली उतरवलं, चहा पाजला, पाहुणीच्या हातात ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची पिशवी दिली. अहिराणीत तिच्याशी तोंडभरून बोलली, तिला काही कळत नाही याची आईला पर्वा नव्हती. धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. मग गाडी निघाली. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एकमेकींकडे वळलेली. गाडी चौकात वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

"चांगली शे ती पोर," आई म्हणाली.

"कोणती?"

"तुनी जाऊ. पाव्हणीले किती जपस."

मी फाटकाची कडी लावली. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"तुले तिना हेवा वाटस का?"

"मला कशाला वाटेल?"

"वाटू दे," आई म्हणाली. "पन जेवी ले आते."

त्यानंतर वर्ष गेलं असेल. युरोपात आमचा कंटेनर गेला नाही. धाकटी आखातातच माल पाठवत राहिली, तिथं तिचं नाव झालं. पाहुणीशी तिचं बोलणं चालू असायचं. पॅकहाऊसमध्ये तिचा फोन वाजला आणि ती इंग्रजीत हळू बोलायला लागली की मी समजायचे. मी वर्गात तपकिरी साखरेचा पुडा दाखवायचे. मुलं चव घ्यायची. तो संपला तेव्हा मला वाईट वाटलं.

मग टीव्हीवर यायला लागलं की आपला आणि युरोपचा व्यापार करार होतो आहे, बऱ्याच मालावरची जकात उतरणार आहे. केळ्याचं त्यात काय आहे, हे कुणी नीट सांगत नव्हतं. एका रविवारी दुपारी माझ्या फोनवर परदेशी नंबर आला. पाहुणी होती. तिनं पहिल्यांदाच मला फोन केला होता.

"अक्का," ती म्हणाली, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन, धाकटीनं शिकवलं होतं तसं. "बातमी खरी आहे का? तुमची केळी आता बिनजकात येणार?"

मी खोलीचं दार लावून घेतलं आणि तिला समजावून सांगितलं. करार म्हणजे लगेच सगळं उघडत नाही. काही माल बाहेर ठेवतात, काहींना मुदत देतात, फळांच्या बाबतीत ते लोक फार जपून असतात, तुमच्यासारख्यांसाठीच जपून असतात. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, मी पुन्हा पुन्हा सांगितलं. सवलतीच्या जकातीवर मी इतकी वर्षं बोलत आले, पण श्वास धरून ऐकणारं माणूस मला त्या दिवशी भेटलं. तिची बाग त्या उत्तरावर उभी होती.

"समजा उघडलं," शेवटी ती म्हणाली, "तर तुमची जाऊ पाठवेल?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "पाठवेल," मी म्हटलं. "पहिला कंटेनर तिचाच असेल."

तिच्या मागे कोंबडा आरवत होता, तिच्याकडे सकाळ होती. "मीही पाठवला असता," ती म्हणाली. मग अननस कसे आले ते सांगितलं, आईची तब्येत सांगितली, आणि फोन ठेवला.

मी चपला घातल्या आणि पॅकहाऊसकडे निघाले. धाकटीला हे कधी एकदा सांगते असं झालं होतं. ती टाकीपाशी उभी राहून फण्या धुवून घेत होती, कोपरापर्यंत ओली.

"तुझ्या पाहुणीचा फोन होता," मी म्हटलं. "मला. कराराबद्दल विचारत होती."

"हो ना," ती म्हणाली, हातातली फणी उलटसुलट बघत. "काल मला केला होता तिनं. रडवेली झाली होती. मी म्हटलं, मला त्यातलं एवढं कळत नाही, अक्कांना विचार, त्या बरोबर सांगतील. केला का तिनं? बरं झालं."

तिनं ती फणी पेटीत ठेवली आणि दुसरी उचलली. तिच्या मनात काही नव्हतं, तिनं मनापासूनच म्हटलं होतं, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं. म्हणजे तो फोनही तिनंच मला दिला होता. पाण्यात केळीचा चीक तरंगत होता.

"किती वेळ बोललात तुम्ही काल?" मी विचारलं.

"झाली असतील दहा-पंधरा मिनिटं."

"माझ्याशी चांगला अर्धा तास बोलली," मी म्हटलं.